नळीतला रंग

खोली बघायला मी काकूंच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा बाहेरच्या खोलीत एक मोठी काचेची टाकी होती. वर दिवा लावलेला, कोपऱ्यातून बुडबुडे येत होते, आणि आत एकही मासा नव्हता. काकूंनी डबीतून चिमूटभर माशांचं खाणं काढलं, त्या रिकाम्या पाण्यात टाकलं आणि एक पाऊल मागे सरकून बघत उभ्या राहिल्या.

मी दारातच होते. मला वाटलं, बाई एकट्या राहतात, वय झालंय, मासे मेल्याचं ध्यानात आलं नसेल. सांगावं का? पण पहिल्याच भेटीत असं कसं सांगायचं?

"मासे कुठेत, असं विचारायचंय ना?" काकूंनी मागे न बघताच विचारलं.

"हो... नाही, म्हणजे..."

"एक काहीतरी ठरव."

"हो."

"यायचेत. घर तयार नाही अजून."

"पाणी तर भरलंय."

"पाणी भरलंय. घर तयार नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझी खोली मात्र तयार आहे, बघून घे."

खोली देण्याआधी घरमालकिणी बरंच काही विचारतात, असं मी ऐकलं होतं. काकूंनी दोनच गोष्टी विचारल्या. सकाळी आठ वाजता जागी असतेस का? आणि रंग नीट ओळखता येतात का? दुसरा प्रश्न मला कळलाच नाही. त्यांनी टाकीशेजारून एक छापील कार्ड उचललं, त्यावरच्या रंगाच्या एका चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा?"

"पोपटी."

"आणि हा?"

"पिवळा."

"राहा," त्या म्हणाल्या.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमचं गाव वाघोलीच्याही पुढे. वडील दुसऱ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाबांवर कामाला आहेत. बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा आईने माझी पिशवी भरता भरता एकच गोष्ट बजावली होती: "मोठ्या मानसाला उलट बोलू नगं. ते म्हनतील त्याला हो म्हनायचं." मी ती पाळत होते. कर्वेनगरमधल्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, काकूंच्या मागच्या खोलीत, मी सगळ्याला हो म्हणत राहायला लागले.

काकू एका कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. तीस वर्षं त्यांनी मुलांसाठी द्रावणं तयार केली. निवृत्त झाल्या तरी प्रयोगशाळा त्यांच्या अंगातून गेली नव्हती. चहाचं पाणी त्या मोजपात्राने मोजायच्या. सकाळी साडीवर जुना पांढरा एप्रन चढवायच्या. आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला जर्नलच्या भाषेत उत्तर द्यायच्या. दूधवाल्याला उशीर झाला की म्हणायच्या, "निरीक्षण, सव्वासात. अनुमान, तू झोपला होतास." तो म्हणायचा, "काकू, गाडी पंक्चर होती." त्यावर काकू, "हे अनुमान नाही, ही सबब."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी धीर करून विचारलं, "काकू, घर तयार होणं म्हणजे काय?"

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. असं कुणी विचारलं की त्यांना आवडायचं, हे मला नंतर कळलं.

"मासा खातो. त्याची घाण पाण्यातच पडते. त्यातून अमोनिया होतो. अमोनिया म्हणजे विष. पण निसर्गात असे जिवाणू आहेत जे हा अमोनिया खातात आणि त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू येतात. ते नायट्राइट खातात आणि त्याचं नायट्रेट करतात. ते माशाला बरंच सोसतं. थोडं झाडं घेतात, उरलेलं आपण पाणी बदलून काढतो. एकाची घाण ती दुसऱ्याची भाकरी. मधला एक जण जरी आला नाही, तरी सगळं घर बसतं."

"मग ते जिवाणू आणायचे कुठून?"

"आणायचे नाहीत. वाट बघायची. खायला असलं की येतात. म्हणून मासा नसताना मी खाणं टाकते. ते कुजतं, अमोनिया होतो, त्यांना आमंत्रण जातं. पाच-सहा आठवडे लागतात." मग त्यांनी बुडबुड्यांच्या मागचा काळा स्पंज दाखवला. "ते इथं राहतात. पाण्यात फारसे नसतात. घर म्हणजे तो स्पंज. बाकी नुसतं पाणी."

त्या रविवारी वडिलांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. माझं शिक्षण त्यांना समजावं असं मला फार वाटायचं आणि ते जमायचं नाही. या वेळी मात्र ते लगेच म्हणाले, "म्हंजी युरियाच हाय की गं! आमी गुलाबाला इकत आनून घालतो, तुज्या काकू माशाकडनं फुकट घेत्यात." काकूंना सांगितलं, तर त्या बराच वेळ मान हलवत होत्या. "तुझ्या सरांपेक्षा वडिलांना जास्त कळलं," म्हणाल्या.

सकाळी आठ वाजता गॅलरीत सरळ उजेड यायचा. तेव्हा काकूंचं काम चालायचं. तीन नळ्या, प्रत्येकीत रेघेपर्यंत टाकीतलं पाणी. त्यात बाटल्यांमधले थेंब मोजून. बूच लावून नळ्या हलवायच्या, पाच मिनिटं थांबायचं आणि मग नळी पांढऱ्या कागदासमोर धरून कार्डाशी रंग जुळवायचा. अमोनिया नसला तर नळी पिवळी राहते, असला तर हिरवट होत जाते. पाच मिनिटांत त्या कुणाशी बोलायच्या नाहीत. फोन वाजला तर वाजू द्यायच्या. मग पेन्सिलने वहीत तारखेपुढे तीन आकडे. शाई त्यांना चालायची नाही. "शाईनं माणूस खात्रीनं लिहितो," म्हणायच्या.

मासे येणार होते वरच्या मजल्यावरून. तिथलं कुटुंब कायमचं परदेशी निघालं होतं आणि चार गोल्डफिश काकूंना देणार होतं. त्यातला एक नऊ वर्षांचा. लहानपणी केशरी होता म्हणे, वय झालं तसा पांढरा होत गेला. त्या घरच्या बाई जिन्यातून उतरताना रोज विचारायच्या, "काकू, उद्या आणून देऊ का? पाणी अगदी स्वच्छ दिसतंय की."

"स्वच्छ दिसतंय म्हणजे काय, फक्त दिसतंय."

"अहो, पण आमचं विमान आहे ना सोमवारी."

"विमानाचं जिवाणूंना कळवते."

शेवटी विमानाच्या आदल्या दिवशी काकूंना अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य मिळालं आणि चारही मासे आले. काकूंनी त्यांना नावं दिली नाहीत. फक्त त्या म्हाताऱ्याला 'पांढरा' म्हणायच्या. पहिले दोन दिवस तो टाकीच्या तळाशी एका जागी थांबून होता. तिसऱ्या दिवशी काकूंचं बोट काचेवर फिरेल तसा फिरायला लागला.

एकदा मी जेवणाच्या टेबलावर माझं केमिस्ट्रीचं जर्नल पूर्ण करत बसले होते. काकूंनी ते उचलून डोळ्यांजवळ नेलं. ब्युरेटची तीन रीडिंग होती. तिन्ही ९.८.

"तिन्ही वेळा अगदी तंतोतंत? हात आहे की यंत्र!"

मला लाज वाटली. "सगळे असंच लिहितात, काकू. सी.बी.आर. यावं लागतं ना. नाही आलं तर सही मिळत नाही." तिन्ही वेळा सारखं येणारं ते रीडिंग. आम्ही उत्तर आधी बघायचो आणि त्यावरून उलटं रीडिंग काढायचो. खरी रीडिंग कच्च्या वहीत राहायची.

काकू समोर बसल्या. "एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. नोकरीतलं दहावं-बारावं वर्ष असेल. एकदा माझ्या हातून द्रावण निम्म्याच ताकदीचं झालं. वजन करताना चुकले. लक्षात आलं तेव्हा प्रॅक्टिकल संपलं होतं. चाळीस मुलं. मी घाबरत घाबरत सगळी जर्नलं उघडली. चाळीसच्या चाळीस जणांचं उत्तर बरोबर आलेलं."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

"मीही कुणाला बोलले नाही. नोकरी होती. पण दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या खिडकीत एक टाकी मांडली आणि दोन मासे आणले. म्हटलं, एवढ्या खोलीत कुणीतरी एक हवं, जे आपण लिहू त्याप्रमाणे वागणार नाही."

ती टाकी निवृत्तीच्या दिवशी तिथंच राहिली. त्यानंतर कित्येक वर्षांनी ही.

काकूंना एक भाचा होता. वाघोलीला राहायचा, नवीन सोसायटीत. दर पंधरवड्याला रविवारी यायचा. भाजी आणायचा, दिवे बदलायचा, गॅसची नळी तपासायचा. चांगला माणूस. मी त्यांना दादा म्हणायची. ते प्रत्येक वेळी एकच विषय काढायचे.

"मावशी, चल ना आता आमच्याकडे. लिफ्ट आहे, डॉक्टर खाली आहे. डोळ्यांचं काय म्हणाले ते तुला माहीत आहे."

डोळ्यांचं असं होतं की मागचा पडदा झिजत चालला होता. ऑपरेशनने भागणारं नव्हतं. काकू म्हणायच्या, "पडदा जुना झालाय. शिवून मिळत नाही."

"म्हणूनच म्हणतो, चल."

"हे बघ," काकू म्हणाल्या, "या घरात मला अंधारातसुद्धा बटणं सापडतात. तुझ्याकडे पाहुणी होऊन राहायला लागेल. पण मी हट्टी नाही. माप ठरवू. ज्या दिवशी नळीतला रंग मला कळणार नाही, त्या दिवशी येईन. तोवर नाही."

"हे कसलं माप, मावशी?"

"माझं."

मी शेजारी बसून मेथी निवडत होते. हे बोलणं मी पूर्ण ऐकलं. म्हणून पुढे जे झालं, त्यात मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मे महिन्यात सोसायटीने वरची पाण्याची टाकी धुवून घेतली आणि आत ब्लीचिंग पावडर टाकली. काकू दर बुधवारी माशांचं थोडं पाणी बदलायच्या. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवायचं, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं, ही त्यांची पद्धत. सोसायटीची टाकी मंगळवारी धुतली, बादल्या त्याच दिवशी भरल्या आणि बुधवारी पाणी बदललं. एरवी त्या पाण्याचा वास घेऊन बघायच्या. त्या दिवशी त्यांना सर्दी होती. वास घेतला, पण काही कळलं नसणार.

शुक्रवारी सकाळी अमोनियाची नळी पिवळी नव्हती. अगदी फिकट, पण हिरवट होती. कार्डावर त्याखाली पाव लिहिलेलं होतं.

काकूंनी नळी कागदासमोर धरली. थोडी लांब नेली, थोडी जवळ. "पिवळा. शून्य," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "काय?"

तसं त्या रोजच विचारायच्या. मी रोज हो म्हणायची, कारण रोज ते खरंच असायचं. त्या दिवशी मी हिरवट नळी बघितली, काकूंचा चेहरा बघितला आणि म्हटलं, "हो काकू. पिवळाच."

का म्हटलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आईचं वाक्य होतं. काकूंचं माप होतं. आणि एक गोष्ट मला मान्य करायला वेळ लागला: काकू भाच्याकडे गेल्या असत्या तर माझी खोलीही गेली असती. मी त्याला आदर असं नाव दिलं होतं.

मी आणखी एक गोष्ट केली. खोलीत जाऊन कच्च्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख लिहिली आणि पुढे 'पाव'. का, ते माहीत नाही. सवय असेल. खरं कुठेतरी लिहून ठेवायचं आणि दाखवायचं वेगळं.

रविवारी अर्धा झाला. मंगळवारी एक. पुढच्या बुधवारी काकूंनी पाणी बदललं, त्यानंतर एक दिवस तो उतरला आणि पुन्हा चढला. काकूंच्या वहीत शून्य, शून्य, शून्य. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. मासे मात्र वर यायला लागले होते. पृष्ठभागाशी तोंड लावून उघडझाप करायचे. शुक्रवारी सकाळी एक केशरी मासा आडवा तरंगताना दिसला.

काकूंनी तो हाताने बाहेर काढला, कुंडीत पुरला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "बाटली जुनी झाली असेल. दुकानातून नवी आण."

मी नवी बाटली आणली. शनिवारी सकाळी नव्या थेंबांनी नळी आणखीच हिरवी झाली. काकू बघत राहिल्या. "पिवळा," म्हणाल्या. "म्हणजे बाटली ठीकच होती." त्या दुपारी दुसरा केशरी मासा गेला.

संध्याकाळी काकू चहा न घेता टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. "अमोनिया नाही, नायट्राइट नाही, आणि मासे मरतायत," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, स्वतःशी. "म्हणजे मला जे वाटत होतं की मला कळतं, ते तसं नसेलच का? तीस वर्षं मी काय बघत होते?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. हातात चहाचा कप होता. मला वाटलं होतं, मी गप्प राहून काकूंचं घर वाचवतेय.

दुसऱ्या दिवशी रविवार. दादा आठच्या आधीच आले. काकू एप्रन घालून गॅलरीत होत्या. पांढरा पृष्ठभागाशी तिरका होऊन थांबला होता, त्याचे कल्ले जोरात हलत होते.

"दोनच मासे?" दादा म्हणाले.

काकूंनी नळी हलवून ठेवली. पाच मिनिटं झाली. त्यांनी नळी कागदासमोर धरली. खूप वेळ धरली. मग, "पिवळा."

दादांनी वाकून बघितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी कार्ड उचललं, उलटं धरलं, सुलटं केलं. "मला यातलं कळत नाही, मावशी," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "काय गं, तू सायन्सची ना? तू सांग. हे शून्य आहे?"

काकूंनीही माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, त्यांच्या नजरेत विनवणी असेल. तसं काही नव्हतं. हातात पेन्सिल होती, वही उघडी होती, आणि त्या थांबल्या होत्या, रीडिंगसाठी थांबतात तशा.

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. "नाही. हिरवा आहे. दोन."

"आज?" काकूंनी विचारलं.

"आज दोन. पण... दहा दिवसांपासून आहे, काकू."

"कशावरून?"

मी आत जाऊन कच्ची वही आणली. शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं, मग लक्षात आलं की त्यांना ते वाचता येणार नाही.

"तू वाच," काकू म्हणाल्या.

मी वाचलं. "शुक्रवार पाव. शनिवार पाव. रविवार अर्धा. सोमवार अर्धा. मंगळवार एक. बुधवार एक. गुरुवार अर्धा. शुक्रवार एक. काल दोन. आज दोन."

त्या आपल्या प्रत्येक शून्यापुढे एकेक आकडा लिहीत गेल्या. मोठ्या अक्षरात, अंदाजाने, ओळी सोडून. दहावा आकडा लिहून झाल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे पाणी बरोबर वागत होतं," त्या म्हणाल्या.

दोन दिवस त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते उतरलं. मी कशाचीही तयारी केली होती, याची नव्हती. डोळे गेल्याचं त्यांना कळलं होतं, आणि तरी त्यांचा चेहरा हलका झाला होता.

"पहिला पाव शुक्रवारी. पाणी बदललं बुधवारी. मंगळवारी काय झालं होतं?"

"सोसायटीची टाकी धुतली," मी म्हटलं.

"ब्लीचिंग. आणि मला सर्दी होती. स्पंजातले जिवाणू मेले." एक मिनिटही लागलं नव्हतं. "कपाटात हायपोचे खडे आहेत, निळ्या झाकणाची बरणी. तूच बघ कुठलं झाकण निळं आहे ते. बादलीत दोन खडे टाक, क्लोरीन मरतं. अर्धं पाणी आत्ता बदलायचं, अर्धं संध्याकाळी. उठा दोघं."

आम्ही बादल्या वाहिल्या. दादांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. दुपारपर्यंत पांढरा पृष्ठभाग सोडून थोडा खाली उतरला होता. काकू काचेला हात लावून बसल्या होत्या.

"काकू, मला रागवा," मी म्हटलं.

"पहिल्या दिवशी तुला काय विचारलं होतं?"

"रंग ओळखता येतात का."

"का विचारलं असेल?"

मला तेव्हा कळलं. मला रडू आलं.

"कच्च्या वहीत तू बरोबर लिहिलंस," काकू म्हणाल्या. "पक्क्या वहीत यायला दहा दिवस लागले. दोन मासे लागले. हे लक्षात ठेव, बाकी काही नाही."

मग त्या भाच्याकडे वळल्या. "पावसाआधी नेशील का? सामान भिजायला नको."

दादा गडबडले. इतकी वर्षं तेच मागत होते, पण आता म्हणाले, "मावशी, अगं एवढ्यावरून काय? ही आहे ना, ही वाचेल रोज. तू लिही. काय बिघडतं?"

"माप ठरलं होतं. उत्तर आवडलं नाही म्हणून माप बदलायचं नसतं."

जूनच्या पहिल्या आठवड्यात काकू वाघोलीला राहायला गेल्या. तोवर रोज मी रंग वाचायची आणि त्या लिहायच्या. शेवटच्या दिवसांत अमोनिया पुन्हा शून्य यायला लागला होता. खरा शून्य. गाडीत पांढरा आणि उरलेला एक केशरी मागच्या सीटवर झाकणाच्या बादलीत होते. काकू पुढे बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर ओल्या पिशवीत स्पंज होता. दादा म्हणाले, "मावशी, तो डिकीत ठेवू या." त्यावर काकू, "घर कुणी डिकीत ठेवतं का?"

निघण्यापूर्वी त्यांनी कात्री मागितली आणि स्पंजाचे दोन तुकडे केले. अर्धा माझ्या हातात दिला. "कोरडा पडू देऊ नकोस. छोटी टाकी घे. आधी एक मासा, मग दुसरा. आता सहा आठवडे थांबायला नको."

मी आता वारज्याला दोन मुलींबरोबर राहते. खिडकीत छोटी टाकी आहे, त्यात तो अर्धा स्पंज आहे आणि दोन मासे. वाघोलीला दादांची सातवीतली मुलगी काकूंना रंग वाचून दाखवते. काकू म्हणतात, "ती खोटं सांगत नाही. अजून कॉलेजात गेली नाहीये."

मी पूर्ण बदलले असं नाही. वार्षिक प्रॅक्टिकलला माझी तीन रीडिंग तीन वेगवेगळी आली, ९.५, ९.९, ९.६. परीक्षक समोर उभे होते. मी तिन्ही ठिकाणी ९.७ लिहिलं. पूर्ण मार्क मिळाले. घरी आई-वडील खूश झाले.

दर रविवारी काकूंचा फोन येतो. कशी आहेस वगैरे नाही. पहिला शब्द, "किती?"

परवा अमोनिया पाव आला. मी खाणं जास्त टाकलं होतं. शून्य सांगावं असं वाटलं. काकूंना बरं वाटलं असतं आणि मलाही.

"पाव," मी म्हटलं.

"हं. दोन दिवस खाणं बंद ठेव. आणखी काही?"

त्यांनी फोन ठेवला नाही. पाच मिनिटं थांबायची त्यांना सवय आहे.

"आणखी एक रीडिंग सांगायचं राहिलंय, काकू. प्रॅक्टिकलचं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांब," काकू म्हणाल्या. "पेन्सिल घेते."